हमीवरची हमी



या व्यासपीठावरून दरवर्षी मोठमोठ्या विषयांची चर्चा होते. त्या मानाने आजचा आमचा विषय फारच लहान, किंबहुना कित्येकांना हास्यास्पदही वाटेल. कपडे वाळविण्याचे यंत्र, म्हणजे ज्याला आपण सारे ड्रायर म्हणतो ते घरी आणताना दुकानदार जी ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ गळ्यात घालतो, ती घ्यावी की घेऊ नये, असा हा प्रश्न आहे. परंतु चारदोन हजार रुपयांच्या या प्रश्नात शब्दाला किंमत कोण देतो आणि भीतीला किंमत कोण देतो, असा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. शिवाय पावसाळा तोंडावर आला आहे. तेव्हा आजच बोललेले बरे.

पावसाळ्यात कपडे वाळविणे हे आपल्याकडे पूर्वापार संकटच आहे. शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर बाळाची दुपटी वाळविणाऱ्या आज्या आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. आता ती शेगडी गेली, अंगण गेले, पडवी गेली. दोन खोल्यांच्या घरात वलणीवर चार दिवस लोंबणारे कुबट कपडे तेवढे राहिले. अशा घरात ड्रायर आला तर त्याला चैन म्हणून हिणविण्याचे कारण नाही. आमच्याही घरी तो तीन वर्षांपूर्वी, ऐन जूनमध्ये आला.

त्या खरेदीची हकीकत आधी सांगतो, कारण ती आपल्यापैकी पुष्कळांची असेल. यंत्राची किंमत अडतीस हजार. अर्धा तास विक्रेत्याने त्या यंत्राचे गुण गायिले. मोटार उत्तम, ड्रम गंजणार नाही, दहा वर्षे पाहावे लागणार नाही! आमचे मन वळले, आम्ही पैसे काढले. त्याबरोबर त्याच तोंडाने तो म्हणाला, “साहेब, कंपनीची वॉरंटी एकच वर्षाची आहे. पुढे एक बोर्ड गेला तर दहा हजारांना बसाल. तीन हजार नऊशे भरा, आणखी दोन वर्षे निर्धास्त राहा.” आम्ही भरले. अटींचे पत्रक पैसे भरल्यानंतर मोबाईलवर आले, आणि खरे सांगायचे तर ते आम्ही उघडलेही नाही.

तिसऱ्या वर्षी ड्रम फिरे, पण कपडे ओलेच राहत. माणूस आला, त्याने मागची बाजू उघडली. कपड्यांतून निघालेली धाग्यांची लव वाऱ्याच्या वाटेत पिंजलेल्या कापसासारखी दाटून बसली होती. हवा कोंडली, उष्णता वाढली आणि जादा उष्णतेला रोखणारा फ्यूज जळाला. “स्वच्छतेअभावी झालेला बिघाड, हा वॉरंटीत बसत नाही,” असे सांगून त्याने चौदाशे रुपये घेतले. आम्ही रागावलो. मग ते पत्रक प्रथमच उघडून वाचले. अट तेथे स्वच्छ लिहिलेली होती. तेव्हा दोष अर्धा आमचाच होता हे आधीच कबूल करतो. पण उरलेल्या अर्ध्याविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट ही की, एकाच शब्दाखाली येथे दोन अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात. कंपनीची मूळ वॉरंटी म्हणजे कारखानदाराने आपल्या मालाविषयी दिलेला शब्द. त्याची किंमत मालाच्या किमतीतच आलेली असते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे त्यांचे याच विषयावरील संशोधन होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, माल चांगला की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, अशा बाजारात विश्वास नाहीसा होतो व चांगला मालही मागे पडतो. म्हैस पाण्यात आणि मोल काठावर, असा तो व्यवहार! हमी ही त्या अविश्वासावरची एक तोड आहे. ज्याचा माल टिकाऊ, त्याला लांब मुदतीचा शब्द देणे स्वस्त पडते. ज्याचा कच्चा, त्याला ते परवडत नाही. म्हणून मूळ हमी ही मालाच्या गुणाची खूण ठरते.

वाढीव वॉरंटीचे तसे नाही. ती पैसे मोजून वेगळी घ्यावी लागते, आणि पुष्कळदा ती देणारा कारखानदार नसून दुकान किंवा तिसरीच एखादी कंपनी असते. म्हणजे व्यवहारतः तो एक विमाच झाला. मूळ हमी सांगते, विश्वास ठेवा. वाढीव हमी सांगते, भीती बाळगा. दहा वर्षे पाहावे लागणार नाही म्हणणाऱ्याने पुढल्याच श्वासात दुसऱ्या वर्षाची धास्ती घालावी, यातली विसंगती आम्हांला त्या दिवशी उमगली नाही.

आता यंत्राकडे वळू. ड्रायरची रचना साधी आहे. ड्रम फिरविणारी मोटार व पट्टा, हवा तापविणारा हीटर, ती खेळविणारा पंखा, उष्णतेवर नजर ठेवणारा थर्मोस्टॅट आणि लव अडविणारी जाळी. साध्या प्रकारात दमट हवा नळीवाटे बाहेर जाते, कंडेन्सर प्रकारात तिचे पाणी करून ते साठविले जाते, आणि हीट पंपाच्या ड्रायरमध्ये फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो. हा शेवटचा विजेची पुष्कळ बचत करतो. परंतु त्याची दुरुस्तीही तशीच महाग.

यंत्रे केव्हा बिघडतात याचा अभ्यास करणारे अभियंते एक वक्ररेषा काढतात. तिचा आकार स्नानाच्या टबासारखा असतो. आरंभी कारखान्यातील चुका बाहेर पडतात, म्हणून बिघाड अधिक. मग मधली काही वर्षे रेषा खाली सपाट धावते. शेवटी झीज सुरू झाली की ती पुन्हा वर चढते. प्रत्येक यंत्र हा नियम तंतोतंत पाळते असे नाही, पण सामान्यतः चाल हीच. आता पाहा, आरंभीचा चढ कंपनीच्या मूळ वॉरंटीत येतो. अखेरचा चढ येईपर्यंत वाढीव वॉरंटी संपलेली असते. आपण पैसे मोजतो ते बहुधा मधल्या सपाटीचे.

हिशेब मांडून पाहू. समजा, शंभर गिऱ्हाइकांनी प्रत्येकी चार हजार भरले. चार लाख जमले. समजा, त्यांपैकी वीस यंत्रे त्या दोन वर्षांत बिघडली आणि दुरुस्तीला सरासरी पाच हजार लागले. खर्च एक लाख. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. प्रत्यक्षात ते निराळे असतील. पण एक गोष्ट कोणत्याही आकड्यांनी बदलत नाही. त्या जमलेल्या पैशांतूनच दुरुस्ती, विक्रेत्याची दलाली, कचेरीचा खर्च आणि नफा निघायचा असतो. तेव्हा सर्व गिऱ्हाइकांनी मिळून जे भरले, त्याहून त्यांना परत मिळते ते कमीच असावे लागते.

मग विमाच वाईट का? मुळीच नाही. घराला आग लागली, कर्त्या माणसाला मोठे आजारपण आले, तर संसार कोसळतो. असे नुकसान एकट्याने सोसवत नाही, म्हणून ते सर्वांनी वाटून घ्यावयाचे. पण जो अडतीस हजारांचे यंत्र रोख घेऊ शकतो, त्याचा संसार पाच हजारांच्या दुरुस्तीने कोसळत नाही. उलट ज्याने ते हप्त्यांवर घेतले, ज्याला एकदम पाच हजार काढणे जड, त्याच्या बाबतीत प्रश्न खराच नाजूक आहे. आणि त्याच्याच हप्त्यात हे पैसे त्याला न कळता मिसळले जाण्याचा धोका सर्वांत अधिक. म्हणून हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी वॉरंटीची रक्कम वेगळी लिहून मागावी.

हा केवळ आमचा कयास नव्हे. ब्रिटनमध्ये पुष्कळ घरांत ड्रायर असतात. तेथील स्पर्धा आयोगाने २००३ साली घरगुती विजेच्या उपकरणांवरील वाढीव वॉरंटीच्या व्यापाराची चौकशी पुरी केली. आयोगाला आढळले ते असे की, खरेदीच्या क्षणी, त्याच काउंटरवर ही वस्तू पुढे येते. गिऱ्हाइकाला चार ठिकाणी तुलना करण्यास सवडच मिळत नाही, आणि म्हणून स्पर्धा चालत नाही. त्यावर २००५ साली हुकूम निघाला. वॉरंटीची किंमत मालाच्या किमतीशेजारी लावावी, लेखी दर द्यावा व तो तीस दिवस कायम ठेवावा, आणि घेतलेली वॉरंटी पंचेचाळीस दिवसांत रद्द केल्यास सर्व पैसे परत करावेत. काउंटरवरच्या घाईतून गिऱ्हाइकाला सोडवून विचार करावयास वेळ द्यावा, एवढेच त्याचे तात्पर्य.

त्याच देशाचा दुसरा धडा अधिक गंभीर आहे. व्हर्लपूल कंपनीने २०१५ साली जाहीर केले की, तेथे २००४ पासून विकल्या गेलेल्या तिच्या काही ड्रायरांत लव हीटरवर पडून पेट घेण्याचा धोका आहे. हे ड्रायर हॉटपॉइंट, इंडेसिट अशा निरनिराळ्या नावांनी लक्षावधी घरांत गेले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये लंडनमधील एका उंच इमारतीत अशा ड्रायरमुळे आग लागली व कित्येक कुटुंबांना घरे सोडावी लागली. अखेर २०१९ साली, दुरुस्त न झालेले ड्रायर कंपनीला परत बोलवावे लागले. तेथे कोणी विचारले नाही की, तुमची वॉरंटी शिल्लक आहे काय? घडणीतच जीवघेणा दोष असेल तर त्याची जबाबदारी कारखानदाराची, मुदत संपली तरीही. ही जबाबदारी पैसे भरून विकत घ्यावयाची नसते.

लवेचे म्हणाल तर अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळातील आकडे दिले आहेत. वर्षाला सुमारे २,९०० घरगुती आगी ड्रायरमुळे लागल्या, आणि त्यांत सफाई न करणे हे सर्वांत मोठे कारण, शेकडा ३४, होते. म्हणजे पत्रकाने जो बिघाड वगळला, तोच सर्वांत धोक्याचा! प्रत्येक वेळी कपडे काढताना जाळी साफ करणे ही अर्ध्या मिनिटाची वाढीव वॉरंटी आहे, आणि ती फुकट आहे.

आता आपल्या घरी येऊ. आपण निराधार नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार, त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्याकडून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असलाच पाहिजे, अशी अट सामान्यतः गृहीत धरली जाते. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २०२० पासून अमलात आहे. तक्रार आपण राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. सदोष माल, सेवेतील उणीव, इतकेच नव्हे तर ग्राहकावर लादलेला अन्याय्य करार यांविरुद्धही कायद्यात दाद आहे. वाढीव वॉरंटी घेतली नाही म्हणून यातला एकही हक्क बुडत नाही.

तर मग वॉरंटी कधीच घेऊ नये काय? असा फतवा आम्ही काढीत नाही. यंत्र हीट पंपाचे व महागडे असेल, घर समुद्रकाठी खाऱ्या हवेत असेल, एकटे वृद्ध माणूस असेल आणि कंपनी स्वतः, वाजवी दरात, मुदत वाढवून देत असेल, तर जरूर विचार करावा. पण आधी पाच प्रश्न विचारावेत. शब्द कोणाचा, कारखानदाराचा की तिसऱ्याचा? मुदत खरेदीपासून की मूळ वॉरंटी संपल्यापासून? गंज, उंदीर, विजेचा चढउतार, लव यांपैकी काय काय वगळले आहे? दुरुस्ती अशक्य झाली तर पैसे, नवे यंत्र की घसारा कापून कूपन? आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतील काय? उत्तरे लेखी घ्यावीत. घाईचे तर कारणच नाही. पुष्कळ कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत मुदतवाढ देतात. ‘आजच घ्या’ असे जो म्हणतो, त्याला ‘उद्या वाचून येतो’ एवढेच म्हणावे.

आमच्या घरी आता एक डबा ठेविला आहे. नवे यंत्र आले की वॉरंटीचे म्हणून जे पैसे मागितले जातात, ते आम्ही त्या डब्यात टाकतो. गेल्या वर्षी मिक्सरची दुरुस्ती त्यातून झाली, पंख्याचीही झाली, आणि डबा अजून रिकामा नाही. त्याला अटींचे पत्रक नाही, आणि उंदराने वायर कुरतडली तरी तो नाही म्हणत नाही. शेजारी एका खिळ्यावर जाळी साफ करावयाचा छोटा ब्रश टांगलेला आहे. त्या दोहोंना मिळून आमच्याकडे आता हमी म्हणतात.