मदत करा, पण काम काढून घेऊ नका



अंगावरून वारं गेलेला माणूस दवाखान्यातून घरी आला, की घरच्यांच्या मनात एकच असतं: आता यांना काडीचाही त्रास द्यायचा नाही. सून भरवते, मुलगा बटणं लावतो. सगळं मायेपोटीच. पण मेंदूच्या निकामी झालेल्या भागाचं थोडंफार काम त्याचे इतर भाग शिकून घेतात, आणि त्यासाठी तीच क्रिया पुन्हा पुन्हा घडावी लागते. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत जास्त असतो. नेमकं तेव्हाच आपण माणसाला नुसतं बसवून ठेवतो.

मदत करावी, पण रीत सांभाळून. सदरा घालताना अधू हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी बाहेर. लेंग्याला नाडीऐवजी इलॅस्टिक घाला. जिना चढताना चांगला पाय पुढे, उतरताना अधू पाय. उठवताना लुळा हात धरून ओढू नका. खांदा सांध्यातून सरकतो आणि मग त्या दुखण्यापायी व्यायामच होत नाही. मोरीचा उंबरठा आणि ओली फरशी यांचा बंदोबस्त आधी करा. भिंतीला धरायला दांडा बसवा.

जेवताना ताठ बसवा, घास लहान ठेवा. पुष्कळांना भातापेक्षा पाण्याचाच ठसका लागतो. तसं असेल तर डॉक्टरांना विचारून पातळ पदार्थ दाटसर करून द्या. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं होऊ देऊ नका.

मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली असेल, तर कधीकधी ताटातली भाजी-आमटी संपते आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. हे नखरे नव्हेत. डोळे शाबूत असूनही डावीकडचं जग त्यांच्या लक्षातच येत नाही. ताट फिरवून द्या, डावीकडे पाहायची आठवण करा.

इजा डाव्या बाजूला असेल, तर अनेकदा वाचाच अडते. साधं 'पाणी' म्हणता येत नाही, पण आरती मात्र सुरात म्हणता येते. घरचे म्हणतात, मुद्दाम करतात! तसं नाही. पाठ असलेलं गाणं आणि मनातलं बोलणं यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत. समज पुष्कळदा शाबूत असते. "चहा हवा की दूध?" असं सोपं विचारा आणि थांबा. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नका.

तिघांपैकी साधारण एकाला या आजारानंतर नैराश्य येतं. 'मनावर घेऊ नका' म्हणून ते जात नाही. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांना सांगा.

मालिशीनं बरं वाटत असेल तर हलक्या हातानं जरूर करा. कबुतराचं रक्त चोळण्याच्या नादी मात्र लागू नका, आणि कुणाच्या सांगण्यावरून रक्तदाबाच्या गोळ्या बंद करू नका. झटका पुन्हा येऊ शकतो. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, की घड्याळ पाहा आणि तडक मोठं रुग्णालय गाठा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आणि घरातलं एखादं खरं काम त्यांच्याकडे सोपवा. मटार सोलायला द्या. वेळ लागेल, चार दाणे खाली सांडतील. सांडू द्या. फक्त मध्येच येऊन "द्या, मी करते" म्हणू नका.