तीन आणे की पंधरा आणे?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'राज्यकर्ते आणि सामान्य मतदार' हा विषय मी आज बोलण्यासाठी घेतला आहे. या विषयावर पुढाऱ्यांना चार शिव्या दिल्या की टाळ्या हमखास मिळतात. पण टाळ्या वाजवून आपण घरी जातो आणि पुढारी आहे तिथेच राहतो. म्हणून तो मार्ग सोडून, निवडून दिलेला माणूस आपल्यापासून दूर का जातो याचा थोडा शांतपणे विचार करू. त्यासाठी एका जुन्या वादाची हकीकत सांगतो.

१९६३ सालचा ऑगस्ट महिना. चीनबरोबरच्या युद्धातील पराभवाला अजून वर्षही झाले नव्हते. आचार्य कृपलानी यांनी पंडित नेहरूंच्या सरकारविरुद्ध लोकसभेतील पहिला अविश्वासाचा ठराव मांडला. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला. परंतु त्या चर्चेतील एक आकडा मात्र देशभर गाजला. त्याच वर्षी फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत निवडून आलेले डॉ. राममनोहर लोहिया यांनी सांगितले की, या देशातील २७ कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर मात्र रोज २५ हजार रुपये खर्च होतात. सरकारपक्षाचे उत्तर होते, तीन आणे नव्हे, पंधरा आणे! पुढे सप्टेंबरमध्ये यावर पुन्हा चर्चा झाली, तेव्हा नियोजनमंत्री गुलझारीलाल नंदा यांनी खालच्या थरासाठी साडेसात आण्यांचा हिशेब मांडला.

विद्यार्थी मित्रांना आणे माहीत नसतील. १६ आण्यांचा एक रुपया होत असे. १९५७ साली नवे पैसे आले, तरी लोकांच्या तोंडी आणेच होते. लोहियांनी लोकांच्या तोंडचे नाणे सभागृहात वाजवले, म्हणून त्यांचे म्हणणे बाजारापर्यंत पोहोचले.

आता पंधरा आणे आले कोठून? देशाच्या एकूण उत्पन्नाला लोकसंख्येने भागले की सरासरी निघते. गणित चुकीचे नव्हते. पण सरासरी फार फसवी असते. समजा, एका आळीत दहा घरे आहेत. एका घराचे महिन्याचे उत्पन्न १ लाख आणि बाकी नऊ घरांचे प्रत्येकी १० हजार. सरासरी निघते १९ हजार. त्या आळीत १९ हजार मिळवणारे घर एकही नाही! जो सरासरी पाहतो त्याला आळी सुखी दिसते. जो दारे ठोठावतो त्याला नऊ घरांची ओढाताण दिसते.

पुढे १९७१ साली आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०-६१ च्या भावाने किमान गरजेसाठी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये लागतात, असे त्यांनी धरले. म्हणजे खेड्यात दिवसाला आठ आणे आणि शहरात बारा आणे. एवढेही न मिळणारे लोक खेड्यात सुमारे ४० टक्के आणि शहरात सुमारे ५० टक्के होते. तेव्हा लोहियांच्या तीन आण्यांबद्दल मतभेद होऊ शकतो. पण पंधरा आण्यांच्या सरासरीत कोट्यवधी माणसे झाकली गेली होती, यात शंका उरली नाही.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. नेहरू काही निर्दय नव्हते. १९२० साली प्रतापगढचे शेकडो शेतकरी पायी चालत अलाहाबादला आले, नेहरू त्यांच्याबरोबर खेड्यांत गेले, आणि तोवर आपल्याला शेतकऱ्यांची स्थिती ठाऊकच नव्हती असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले. खुद्द लोहियांचे शिक्षण बर्लिनला झाले होते. म्हणजे श्रीमंत घरात जन्मलेला किंवा परदेशी शिकलेला माणूस लोकांना ओळखू शकतो; आणि एकदा ओळखलेला माणूसही वर्षानुवर्षे सत्तेच्या खुर्चीत, फायलींच्या आणि हांजी-हांजी करणाऱ्यांच्या गराड्यात बसला की त्याची ओळख पुसट होते. अंतर पडते ते पायाखालची वाट सुटल्यामुळे.

तेव्हापासून हे अंतर वाढले आहे. पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या उमेदवाराची अनामत ५०० रुपये होती. आज ती २५ हजार आहे. खर्चाची मर्यादा तेव्हा २५ हजार होती; २०२२ पासून मोठ्या राज्यांत ती ९५ लाख आहे. उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांवरून केलेल्या हिशेबानुसार २००९ मध्ये निवडून आलेल्या खासदारांपैकी ५८ टक्के कोट्यधीश होते. २०२४ मध्ये ९३ टक्के. गिरणी कामगाराच्या, मच्छीमाराच्या किंवा रिक्षावाल्याच्या मुलाने लायकी असूनही उभे राहावे कसे? मग २०११ साली नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरी माणसाला दिवसाला ३२ रुपये ही दारिद्र्याची रेषा सांगितली, आणि २०१३ साली एका खासदारांनी मुंबईत १२ रुपयांत पोटभर जेवण मिळते असे विधान केले, याचे नवल वाटू नये. त्या खासदारांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली. परंतु बाजारात स्वतः पिशवी घेऊन जाणाऱ्याच्या तोंडून ते वाक्य निघालेच नसते.

मग आपण काय करावे? पालकांना माझी विनंती आहे की, मत मागायला येणाऱ्याला मोठमोठे प्रश्न विचारू नका. बारीक प्रश्न विचारा. आरोग्य केंद्रात डॉक्टर आठवड्यातून किती दिवस असतो? शेवटची एस. टी. किती वाजता सुटते? गॅसची टाकी कितीला पडते? उत्तर आले नाही तर शरमिंदे करू नका, बरोबर घेऊन जा आणि दाखवा. उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र वाचा. तो आपला हक्क आहे. आपल्या राज्यात वर्षातून किमान चार ग्रामसभा भरल्याच पाहिजेत. त्यांना हजर राहा, आणि भगिनींनी तर अवश्य राहावे, कारण घरखर्चाची सरासरी नव्हे, खरी बेरीज त्यांनाच ठाऊक असते.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी शेवटचे दोन शब्द. उद्या तुमच्यापैकी कोणी तलाठी होईल, कोणी डॉक्टर, कोणी नगरसेवक. आज या सभागृहात अशा अनेक माता आहेत ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन तुमची फी भरली आहे. शिक्षणाने तुम्हाला खुर्ची मिळेल. त्याच शिक्षणाने तुम्हाला खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाचा कंटाळाही येऊ लागेल. हा धोका फक्त मंत्र्यांना नाही, प्रत्येक शिकलेल्या माणसाला आहे. पुढाऱ्याला पंधरा आण्यांचा दोष देण्यापूर्वी आपल्या शेजारच्या घरात किती आणे आहेत, हे आपल्याला माहीत असले पाहिजे. ते माहीत असणाऱ्या माणसांतूनच उद्याचे प्रतिनिधी निघावेत, अशी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.