पंचविसाव्या वर्षीचा बिनभाड्याचा रहिवासी
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



२५ वर्षांचा हिशेब मांडताना आपण सभासद मोजले, फ्लॅट मोजले, थकबाकीसुद्धा मोजली. एक रहिवासी मात्र आपल्या कुठल्याच रजिस्टरात नाही. तो मेंटेनन्स देत नाही, पार्किंग मागत नाही आणि उन्हाळा आला की कुणाच्या तरी गॅलरीत घर बांधतो. त्याचं नाव शिंजीर. काहीजण त्याला सूर्यपक्षी म्हणतात.

२०१९च्या अखेरीस टिपेश्वरहून निघालेला वाघ आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तेव्हा बुलडाण्यात दुसरा विषय नव्हता. वाघ दिसायला नशीब लागतं. शिंजीर बघायला चहाचा कप घेऊन गॅलरीत उभं राहिलं की झालं.

हा पक्षी चिमणीपेक्षा लहान, जेमतेम १० सेंटिमीटरचा. चोच बारीक आणि खाली वाकलेली. विणीच्या दिवसांत नर लांबून काळाच दिसतो, पण अंगावर ऊन पडलं की निळा-जांभळा चमकतो. मादी वरून मळकट हिरवट, खालून फिकट पिवळी. वीण आटोपली की नरही बराचसा मादीसारखा होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत काळी पट्टी उरते. आमच्या शेजारच्या आजी पावसाळ्यानंतर विचारतात, "ते कायं पाखरू कुठी गेलं?" आजी, ते इथंच आहे. त्यानं कपडे बदललेत, एवढंच.

मुलांनी टीव्हीवर हमिंगबर्ड पाहिला असेल. तो फक्त अमेरिका खंडांत सापडतो. ऑस्ट्रेलियात हनीईटर नावाचे पक्षी आहेत, त्यांच्या जिभेचं टोक ब्रशासारखं असतं. आपल्या शिंजिराची जीभ नळीसारखी. तिघांची घराणी वेगळी, पण फुलातला मकरंद पिण्याचा धंदा एकच. हमिंगबर्ड हवेत तरंगत पितो. शिंजिरालाही क्षणभर तसं जमतं, पण त्याला देठावर बसून निवांत प्यायला आवडतं.

त्याचं हॉटेल म्हणजे आपली झाडं. जास्वंद, शेवगा, केळफूल, काटेसावर, पांगारा आणि सगळ्यांत मोठी पंगत पळसाची. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, तेव्हा शिंजीर एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातो आणि पराग पोचवतो. पळसावरचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. फुलांवर येणाऱ्या पक्ष्यांमध्ये परागीभवनाचं काम सगळ्यांत चोख करणारा पक्षी हाच, असं त्यात दिसलं. लांब नळीचं फूल असलं, तर हे महाशय बुडाशी भोक पाडून मकरंद पिऊन जातात. तिथे फुलाला काहीच मिळत नाही. तेवढी चोरी पदरात घ्यावी लागते.

आता मुद्द्याची गोष्ट. मकरंद म्हणजे साखरपाणी. त्यानं उडायला ताकद मिळते, पिल्लं वाढत नाहीत. पिल्लांना लागतात किडे, अळ्या आणि छोटे कोळी. घरट्यालाही कोळीच लागतो, कारण कोळ्याचं जाळं हे शिंजिराचं सिमेंट. मादी एकटी ते गोळा करते, त्यात गवताच्या काड्या आणि सालीचे तुकडे गुंफते आणि लोंबती पिशवी तयार करते. बाजूला दार, दारावर इवलंसं छप्पर, आत मऊ अस्तर. बाहेरून ते घरटं केरासारखं दिसतं, म्हणून साफसफाईत सहज निघून जातं. अंडी बहुधा दोन. मादी ती साधारण दोन आठवडे उबवते आणि पुढे जवळपास तितकेच दिवस नर-मादी मिळून पिल्लांना भरवतात. म्हणजे घरटं तयार झाल्यावर त्याला साधारण महिनाभर हात लागायला नको.

येत्या सर्वसाधारण सभेत तीन ठराव आहेत. एप्रिलमध्ये रंगकाम, दरमहा कीटकनाशक फवारणी आणि कुंपणाजवळचा पळस तोडून पेव्हर ब्लॉक. तिन्हींची गरज मला कळते. डेंग्यूची भीती खोटी नाही. पळसामुळे गाड्यांवर फुलांचा सडा पडतो, हेही खरं. पण तिन्ही ठराव आहेत तसे मंजूर झाले, तर शिंजिराचं जेवण, घर आणि घरबांधणीचं सामान एकाच उन्हाळ्यात जाईल.

म्हणून माझ्या तीन सूचना. रंगकाम दिवाळीनंतर करू. ऊन उतरलेलं असतं आणि तोवर बहुतेक घरटी रिकामी झालेली असतात. सरसकट फवारणीऐवजी कूलर, कुंड्यांच्या बशा आणि पिंप आठवड्यातून एकदा कोरडे करू, टाक्या झाकून ठेवू. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यात वाढतो, झाडाच्या पानांवर नाही. आणि पळस ठेवू. तो तोडून तीन गाड्यांची सोय होईल, ती गेटजवळच्या मोकळ्या पट्ट्यातही होऊ शकते. मी जागा मोजून पाहिली आहे, कागद सेक्रेटरीसाहेबांकडे दिलाय.

घरात करण्यासारखंही थोडं आहे. कपड्यांच्या दोरीवर किंवा दिव्याच्या वायरीवर घरटं दिसलं, तर दोरी महिनाभर वापरू नका. साखरपाण्याच्या बाटल्या टांगण्यापेक्षा कुंडीत साधी एकेरी जास्वंद लावा. नर गाडीच्या आरशावर चोची मारत असेल, तर त्याला हुसकू नका. आरशात त्याला दुसरा नर दिसतो. आरशाला कापडी पिशवी अडकवा, भांडण आपोआप मिटेल.

बाळगोपाळांनो, ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात कुणाच्या गॅलरीत शिंजीर आला, याची नोंद तुम्ही नोटीस बोर्डावर करायची. मोठ्यांचं काम त्याआधीचं आहे. सभेत हात वर करण्यापूर्वी एकदा आपापल्या गॅलरीत वर बघून या.