अंधुक उजेडातले रंग

दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. शंकुपेशी सुमारे ६० लाख, तर दंडपेशी सुमारे १२ कोटी. शंकुपेशींना भरपूर उजेड लागतो. त्यांचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या तरंगलांबीला अधिक प्रतिसाद देतो. तिघींचे संदेश ताडून पाहून मेंदू रंग ठरवतो. दंडपेशी मात्र एकाच प्रकारच्या. त्यांच्यातल्या रोडॉप्सिन या द्रव्याने प्रकाशकण शोषला की संदेश निघतो, पण तो कण कोणत्या तरंगलांबीचा होता याची खूण त्या संदेशात उरत नाही. तुलनेला दुसरा प्रकारच नसल्यामुळे प्रखर लाल आणि मंद हिरवा प्रकाश दंडपेशींना सारखाच भासू शकतो. निव्वळ चांदण्यांच्या उजेडात सारे जग करडे दिसते ते यामुळे. वस्तूंचे रंग कुठे जात नाहीत. ते ओळखण्याचे साधन तेवढे थांबलेले असते.

संध्याकाळी हा बदल हळूहळू होतो आणि त्या मधल्या वेळेत दोन्ही पेशी काम करतात. बोहेमियाचे शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी १८२५ साली त्याचे वर्णन केले. दिवसा जास्वंदीचे लाल फूल पानांपेक्षा उठून दिसते. तिन्हीसांजेला तेच काळपट होते आणि पाने उजळ वाटू लागतात. कारण दिवसाची दृष्टी ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असते, तर रात्रीची ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, निळ्याकडे झुकलेली. लाल प्रकाश दंडपेशींना जवळजवळ जाणवतच नाही. म्हणूनच आकाशनिरीक्षक नकाशा वाचताना मंद लाल दिवा वापरतात. अंधाराला सरावलेले डोळे त्याने फारसे बिघडत नाहीत. हा सराव व्हायला अर्धा तास किंवा थोडा अधिक वेळ लागतो, कारण उजेडात विघटित झालेले रोडॉप्सिन पुन्हा तयार व्हावे लागते. त्याला 'अ' जीवनसत्त्व लागते. ते कमी पडले तर रातांधळेपणा येतो.

रंग गमावून डोळ्याने जे मिळवले आहे ते विलक्षण आहे. कोलंबिया विद्यापीठातील हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार, दंडपेशींनी अवघे ५ ते १४ प्रकाशकण शोषले तरी उजेडाची जाणीव होते. अनेक दंडपेशींचे संदेश एकाच चेतापेशीत गोळा होतात, म्हणून इतका क्षीण प्रकाश कळतो. बारकावे मात्र पुसट होतात. अंधारात अक्षरे लागत नाहीत, त्याचे हेही एक कारण.

दृष्टीच्या केंद्रस्थानी तर दंडपेशी नसतातच. त्यामुळे अंधुक तारा रोखून पाहिला की नाहीसा होतो आणि नजर किंचित बाजूला वळवली की पुन्हा दिसतो. मृग नक्षत्रातला तेजोमेघ छायाचित्रात लालगुलाबी असतो, कारण कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवू शकतो. लहान दुर्बिणीतून डोळ्याला तो बहुधा करडाच दिसतो.