लोहाची कणगी



प्रार्थनेला उभं असताना आपल्या ओळीतली एक मैत्रीण चक्कर येऊन खाली बसायची. "नाटक करते," म्हणून आपण हसायचो. सगळ्यांत आधी मीच हसायचे. पुढे रक्त तपासणं हेच माझं काम झालं, तेव्हा ते हसू मला बोचू लागलं.

पेठला आपल्या घरोघरी धान्याची कणगी असायची. शरीरातही लोहाची अशीच कणगी असते. तिचं नाव फेरिटिन. प्रथिनाचे २४ तुकडे जुळून हा पोकळ गोळा तयार होतो. व्यास जेमतेम १२ नॅनोमीटर, पण आत लोहाचे सुमारे ४५०० अणू मावतात.

लोह असं कोंडून का ठेवायचं? कारण मोकळं लोह पेशींना इजा करतं. गोळ्यात जिथे तीन-तीन तुकडे मिळतात, तिथे बारीक वाटा आहेत, एकूण आठ. त्यांच्या आतल्या बाजूला ऋण प्रभार असतो आणि लोहावर धन. विजातीय प्रभार एकमेकांना ओढतात, हे सरांनी फळ्यावर शिकवलं होतं. त्याच ओढीने लोह आत जातं. आत प्राणवायूशी संयोग होऊन त्याचा गंजासारखा खडा बनतो. गरज पडली की तो विरघळतो आणि लोह बाहेर येतं.

आता कामाचं सांगते. हिमोग्लोबिन म्हणजे ताटातली भाकरी, फेरिटिन म्हणजे कणगी. आधी कणगी रिकामी होते, ताट नंतर. म्हणून हिमोग्लोबिन ठीक असूनही एखादी मुलगी थकलेली असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना फेरिटिनच्या तपासणीबद्दल विचारा. मात्र ताप किंवा सूज असताना हा आकडा उगाच वाढलेला दिसतो.

आणि उपाय फार लांब नाही. शेजारच्या नगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलांवर एक प्रयोग झाला. काहींना नेहमीच्या बाजरीची भाकरी दिली, काहींना जास्त लोह असलेल्या बाजरीची. चारच महिन्यांत या दुसऱ्या मुलांचं फेरिटिन वाढलं. २०१५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आपली ती मैत्रीण आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. बाई, तू नाटक करत नव्हतीस. तेव्हा हसले, त्याची आज सगळ्यांसमोर माफी मागते. आणि बाकीच्यांनो, घरातली लेक-सून दमली म्हणाली, तर हसू नका. आधी कणगीत किती आहे ते बघा.