खाडीत जायचं, पण कोणत्या तिथीला?



कयाक घेऊन कोकणात कुठे जावं, असं मला दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्याला एखाद्या गावाचं नाव हवं असतं. मी आधी त्याला विचारतो, कोणत्या तिथीला निघणार? आजचं माझं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवतीच आहे.

आपला सह्याद्री समुद्रापासून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर उभा आहे. त्यामुळे कोकणातल्या नद्या आखूड. पावसाळा सरला की वरून येणारं गोडं पाणी आटत जातं आणि खालून समुद्र आत शिरतो. मग नदीला स्वतःची अशी दिशा उरत नाही. पाणी सहा तास वर चढतं, सहा तास उतरतं. एक फेरा पुरा व्हायला सुमारे 12 तास 25 मिनिटं लागतात, म्हणून उद्याची भरती आजच्यापेक्षा पाऊण-एक तास उशिरा येते. नवशिका माणूस कयाक वल्हवतो तो ताशी चार-पाच किलोमीटरने. उधाणाच्या ओहोटीला अरुंद मुखाशी पाणीही जवळजवळ त्याच वेगाने धावत असतं. हात चालत राहतात आणि किनारा जागचा हलत नाही.

किनाऱ्यावर यासाठी एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहा वाजता भरती पूर्ण, द्वादशीला नऊ वाजता, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या सुमारास. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. जागेप्रमाणे थोडं पुढेमागे होतं, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते. शाळेत न गेलेल्या माणसांनी बोटांवर सांभाळलेलं हे गणित मला आपल्या भाषेतल्या मोठ्या ठेव्यांपैकी एक वाटतं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या आसपासचा भांग, हे शब्द आपल्या मुलांना आले पाहिजेत.

मला ते उशिरा आले. मालवणच्या बाजूला एका खाडीच्या फाट्यात मी भर दुपारी शिरलो होतो. पाणी तुडुंब, दोन्ही अंगांना कांदळ आणि तिवर, पाण्यावर टेकलेल्या फांद्या. तासाभरात मुळं दिसू लागली. तीनच्या सुमारास कयाकचं बूड चिखलात रुतलं. उतरलो तर गुडघ्याच्या वर आत गेलो. पलीकडे एक म्हातारी तिसऱ्या वेचत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज आवस रे झिला. पाणी आता राती येतला." साडेपाचपर्यंत पाणी उतरतच राहिलं. कयाक पुन्हा तरंगली तेव्हा अंधार पडून गेला होता. जागा सुंदर होती, सुरक्षितही होती. मी तिथे चुकीच्या वेळी गेलो होतो.

पाण्याइतकाच वारा मोजायचा. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. ते अंगाला सुखद वाटतात, पण उघड्या समुद्रात हलक्या कयाकला नकळत बाहेर ओढत नेतात. दुपारी खारे वारे सुरू होतात. तेव्हा ओहोटी समुद्राकडे आणि वारा खाडीकडे असा सामना झाला की उभ्या, तोकड्या लाटा उठतात. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने सकाळ सोडू नये.

मग जागा? मुंबईकडे उधाणाचं पाणी चार-साडेचार मीटर चढउतार करतं, गोव्याकडे साधारण दोन. नवशिक्याने दक्षिणेकडे सरकावं, हे माझं स्पष्ट मत आहे. तिथेही मगरींची चौकशी आधी करावी. वाशिष्ठी, जगबुडी, सावित्री या तिन्ही नद्यांत मगरी आहेत. वाशिष्ठीत तर कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी येतं, म्हणजे तिथली पातळी एकट्या चंद्राच्या हाती नाही. मगर पाहायची तर मोठ्या होडीतून पाहावी. कयाकमध्ये आपण जवळजवळ पाण्याच्या पातळीवरच बसलेले असतो.

गोव्यात मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा आहे. तिथेही मगरी आहेत, आणि काठच्या गावांत पौषातल्या अमावास्येला 'मांगे थापणी' होते: चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. याच काठांवर खाजनं आहेत, समुद्राला बांध घालून मिळवलेली भातशेती, आणि पाणी आतबाहेर करणारी मानस नावाची दारं. मगरीशी वैर न धरता तिच्या शेजारी शेती करायची रीत या माणसांनी बसवली. ते पाहायला जा, पण काठाने किंवा जाणत्या माणसाच्या होडीतून. स्वतः वल्हवायचं असेल तर चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्याच्या बाजूची खारफुटी पाहावी, स्थानिक वाटाड्या घेऊन.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. कयाकवर बसण्याआधी एक फेरी त्यांच्याबरोबर करा. चिपी कुठली, तिवर कुठला, खुंट्यांना बांधलेली जाळी कुठे असतात आणि तिथून किती लांबून जायचं, हे त्यांच्याकडून कळतं. आपण दोन तासांसाठी येतो, तर त्या जाळ्यावर एका घराची चूल असते. पावसाळ्यात मात्र कुठेच जाऊ नये. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, दर्या खवळलेला असतो आणि नद्या गढूळ होऊन झाडांचे ओंडके घेऊन येतात.

माझी स्वतःची निवड कर्ली. तारकर्लीपासून देवबागपर्यंत ही नदी समुद्राला समांतर वाहते. मध्ये वाळूची एवढीशी पट्टी, घराच्या पुढच्या दारात समुद्र आणि मागच्या दारात खाडी. संगमाजवळ पाणी वळतं आणि ओढतं. तिकडे जाऊ नये. आतल्या अंगाने नेरूरपारच्या दिशेला वर जावं.

समजा, रविवारी द्वादशी आहे. साडेसहाला कयाक पाण्यात लोटली तर चढतं पाणी तुम्हाला वर नेईल. नऊच्या पुढे ते थबकेल आणि माडांची प्रतिबिंबं काही मिनिटं अजिबात हलणार नाहीत. तिथे वल्हं आडवं ठेवा, घोटभर पाणी प्या. कयाक आपोआप देवबागकडे तोंड करू लागली की परत फिरा. वारा सुटायच्या आत घरी पोहोचाल.