धम्म हा शब्द अशुद्ध नाही
(विहाराच्या वर्धापनदिनी सोनगीर येथे केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीतले कामगार. तुटलेला धागा सांधायचा, एवढंच आमचं शिक्षण. शब्दांवर बोलायची वेळ आली ती घरच्या मुलीमुळे. तिनं निबंधात 'धम्म' लिहिलं. गुरुजींनी लाल शाईनं 'धर्म' केलं, खाली शेरा मारला, 'अशुद्ध'. पोर रडत घरी आली. मंग आम्ही पाळी सुटल्यावर वाचनालयात बसू लागलो.

तिथं कळलं ते असं. पालीत जोडाक्षरातली दोन निराळी अक्षरं एकसारखी होतात. धर्म-धम्म, कर्म-कम्म. आता बघा: हस्त, हत्थ, हात. कर्ण, कण्ण, कान. सप्त, सत्त, सात. दुग्ध, दुद्ध, दूध. मधलं रूप पाली-प्राकृताचं. पुढे मराठीत दोनातलं एक अक्षर गळालं आणि आधीचा स्वर लांबला. म्हणजे कम्माचंच आमचं काम झालं! गुरुजीसुद्धा 'हात पुढे कर' म्हणतात, 'हस्त' म्हणत नाहीत. त्याला कोण लाल शाई लावतो?

आपले काही वक्ते पालीला मराठीची आई म्हणतात. ते आम्हांला पटत नाही. मराठी महाराष्ट्री प्राकृतातून आली. पालीला मावशी म्हणा. मावशीचा मान काय कमी असतो?

नाशिकला त्रिरश्मी डोंगरावर जा. लोक पांडवलेणी म्हणतात, पांडवांचा तिथं काही संबंध नाही. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. त्यात 'लेण' हा शब्द आहे, पाण्याच्या टाक्याला 'पोढी' म्हटलंय. लेणं आपल्या तोंडी राहिलं, पोढी गेली. आणि जुन्या लेण्यांत दानाला 'देयधम' असं कोरलेलं सापडतं. एकच म! ब्राह्मीत तेव्हा जोड अक्षर बहुधा लिहीत नसत, वाचणारा धम्मच वाचायचा.

पालीतलं 'झान', म्हणजे ध्यान, चीनमध्ये 'चान' झालं, जपानात 'झेन'. त्यांना कोणी अशुद्ध म्हणत नाही.

मुलीनं या जोड्या वहीच्या मागच्या पानावर लिहून नेल्या. गुरुजींनी वाचल्या. शेरा काही खोडला नाही, पण पालीचा कोश कुठं मिळेल, असं विचारलं. बाबासाहेबांनी स्वतः पालीचा कोश रचला होता. शासनानं तो त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या १६व्या खंडात छापला. आमच्याकडे तो नाही. विहारात एक प्रत यावी, वर्गणीत आमचे पहिले शंभर रुपये धरा. जयभीम.